ओल्या रानातील छत्रे आणि कॅमेऱ्याची नजर : वन्य अळंबीच्या छायाचित्रणाची चिकित्सा

गोषवारा

दमट अरण्यात उगवणाऱ्या वन्य अळंब्यांचा शोध घेऊन त्यांची छायाचित्रे काढणे हा गेल्या काही दशकांत जगभर रुजलेला छंद आहे. या छायाचित्रांकडे बहुधा केवळ रमणीय निसर्गचित्रे म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील परंपरा समोर ठेवून अळंबीच्या प्रतिमेचे तीन टप्पे तपासले आहेत : बिअॅट्रिक्स पॉटर यांची जलरंगचित्रे, रॉजर फिलिप्स यांच्या मार्गदर्शक ग्रंथातील छायाचित्रे आणि आजचे अरण्यातील निकट-छायाचित्रण. आजच्या छायाचित्राने अळंबीला अभूतपूर्व सौंदर्य दिले, मात्र तिचा बुंधा, तिचा सोबती वृक्ष आणि तिचे खरे आकारमान चौकटीबाहेर टाकले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव कलेपुरती मर्यादित नाही. तिचा संबंध माणसाच्या जीविताशी आणि अरण्याच्या आरोग्याशीही पोहोचतो.

बीजसंज्ञा : वन्य अळंबी, कवक, निकट-छायाचित्रण, निसर्गचित्रण, प्रतिमा आणि ज्ञान.

प्रस्तावना

एखादी गोष्ट अचानक आणि उदंड वाढली की ती भूछत्रांसारखी उगवली असे मराठीत म्हटले जाते. या वाक्प्रचारात कौतुक नसते. शिकवणी वर्ग, टपऱ्या किंवा संघटना भूछत्रांसारख्या उगवल्या असे म्हणताना त्यांची वाढ निराधार आणि क्षणभंगुर आहे, असेच सुचवायचे असते. 'कुत्र्याची छत्री' या नावातही हीच तुच्छता आहे. अळंबी आवडीने खाणारा समाजदेखील न खाल्ल्या जाणाऱ्या अळंबीकडे असा तिरस्काराने पाहत आला आहे. ही वृत्ती केवळ मराठी नाही. विल्यम डेलिल हे या इंग्रज लेखकाने १८८७ मध्ये आपल्या देशबांधवांच्या मनातील कवकांविषयीच्या भीतीला आणि किळसेला 'फंगोफोबिया' हे नावच दिले होते.

ज्या वस्तूकडे पाहणेही नकोसे वाटत होते तीच वस्तू आज दिनदर्शिकांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आणि छायाचित्र-प्रदर्शनांत मानाने विराजमान झालेली दिसते. या बदलामागे कॅमेऱ्याचा वाटा फार मोठा आहे. लुई श्वार्टझबर्ग यांच्या 'फँटॅस्टिक फंजाय' (२०१९) या माहितीपटातील अळंब्या काही क्षणांत उमलताना पाहून ज्यांनी कवकांकडे कधी लक्ष दिले नव्हते असे प्रेक्षकही थक्क झाले. ऑस्ट्रेलियातील अॅलिसन पुलिओ यांच्या 'द अॅल्युअर ऑफ फंजाय' (२०१८) या ग्रंथात निबंध आणि छायाचित्रे हातात हात घालून चालतात. अशी प्रतिष्ठा लाभलेल्या कलाप्रकाराची चिकित्सा मात्र क्वचितच होते. छायाचित्र सुंदर आहे एवढे म्हणून रसिक थांबतो, आणि तंत्राची चर्चा भिंग व प्रकाश यांपुढे जात नाही. हे छायाचित्र काय दाखवते, काय झाकते आणि त्या झाकण्याची किंमत कोण देतो, हे प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

या विवेचनासाठी ब्रिटनची निवड करण्याचे कारण असे की, तेथे अळंबीच्या शोधाची, चित्रणाची आणि छायाचित्रणाची परंपरा अखंडपणे पाहता येते. हेरफर्ड येथील वूलहोप नॅचरलिस्ट्स फील्ड क्लब या संस्थेने १८६८ मध्ये अळंबीशोधाची सामूहिक सहल काढली. शरद ऋतूतील अशा शोधसहलींना आजही 'फोरे' असेच म्हटले जाते. पुढे १८९६ मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. हौशी शोधक आणि शास्त्रज्ञ एकाच चिखलवाटेवरून चालण्याची ही रीत तेथील चित्रांनाही आकार देत आली आहे.

शोध : चित्रापूर्वीची दृष्टी

अळंबीचे छायाचित्र काढण्यापूर्वी ती सापडावी लागते. जे वर दिसते ते कवकाचे केवळ फळ होय. कवकाचा मुख्य देह म्हणजे मातीत, पालापाचोळ्यात किंवा लाकडात पसरलेल्या सूक्ष्म तंतूंचे जाळे. हे जाळे वर्षानुवर्षे तेथेच असते. ओल आणि तापमान जुळून आले की त्यातून काही दिवसांपुरते छत्र वर येते, बीजाणू सोडते आणि कुजून जाते. ब्रिटनमधील अरण्यांत हा मुख्य हंगाम साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असतो.

जाणता शोधक म्हणूनच आधी अळंबी शोधत नाही, तर तिचे घर शोधतो. बर्च वृक्षांची राई दिसली की त्याच्या मनात पांढऱ्या ठिपक्यांची तांबडी फ्लाय अगॅरिक येते, कारण या कवकाचे तंतू बर्चच्या मुळांशी सहजीवन जोडतात. बीचचे पडलेले खोड दिसले की त्यावर पारदर्शक, बुळबुळीत, शुभ्र पोर्सिलीन फंगसचा झुबका असेल अशी त्याची अपेक्षा असते. ओकच्या सावलीत त्याची नजर अधिक सावध होते, कारण जगातील अळंबी-विषबाधेच्या बहुसंख्य मृत्यूंना कारणीभूत असलेली डेथ कॅप ओक आणि बीच यांच्या सोबतीनेच वाढते. झाड, लाकूड, माती, ओल आणि ऋतू यांच्या वाचनातूनच अळंबी सापडते.

येथेच या कलेतील पहिली विसंगती उद्भवते. शोधाच्या वेळी सगळी मदार परिसराच्या वाचनावर असते. प्रत्यक्ष छायाचित्रात मात्र हाच परिसर बहुधा धूसर हिरव्या-तपकिरी धुक्यात विरघळून जातो. ज्या झाडामुळे अळंबी सापडली ते झाड चित्रात उरत नाही.

पॉटर यांचा कुंचला : उभा छेद आणि शेवाळ

मुलांसाठी लिहिलेल्या ससोबाच्या कथांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या बिअॅट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) या तरुणपणी कवकांच्या गंभीर अभ्यासक होत्या. स्कॉटलंडमधील पर्थशायर येथे टपाल वाटत रानोमाळ पायपीट करता करता निसर्गाभ्यासक झालेले चार्ल्स मॅकिन्टॉश यांची १८९२ मध्ये पॉटर यांच्याशी भेट झाली. पॉटर यांनी चित्रे दाखवावीत आणि मॅकिन्टॉश यांनी नमुने व सूचना पाठवाव्यात असा त्यांचा व्यवहार सुरू झाला. मॅकिन्टॉश यांनी दिलेला एक सल्ला अळंबीच्या चित्रणाच्या इतिहासात मोलाचा ठरावा. केवळ बाहेरून दिसणारी अळंबी न काढता तिचा उभा छेद काढावा, छत्राखालच्या पातळ उभ्या पट्ट्या, म्हणजे पटलिका, देठाला कशा जुळतात ते स्वतंत्रपणे दाखवावे, असे त्यांनी सुचवले.

पॉटर यांनी हा सल्ला मानला, आणि तो मानताना चित्राचे चित्रपण गमावले नाही. त्यांच्या जलरंगचित्रांत छत्राची ओलसर झळाळी आहे, देठाचा किंचित कल आहे, बुंध्याशी चिकटलेले शेवाळ, गवताची पाती आणि वाळकी पाने आहेत. त्याच कागदावर कापलेली अळंबीही आहे. पाहणाऱ्याला रूप आणि रचना एकाच वेळी मिळतात. लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइड येथील आर्मिट संग्रहालयात त्यांची अशी साडेतीनशेच्या आसपास कवकचित्रे जतन केलेली आहेत. डब्ल्यू. पी. के. फिंडले यांच्या 'वेसाइड अँड वुडलँड फंजाय' (१९६७) या ग्रंथासाठी यांपैकी ५९ चित्रे निवडली गेली. वैज्ञानिक ग्रंथात सात दशकांनंतरही ती चित्रे उपयोगी ठरली हा त्यांच्या अचूकतेचा पुरावा होय.

या कथेला एक कटू बाजू आहे. बीजाणूंच्या अंकुरणावरील पॉटर यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, तो क्यू येथील कवकतज्ज्ञ जॉर्ज मॅसी यांच्यामार्फत. त्या काळी सोसायटीच्या सभांना स्त्रियांना प्रवेश नव्हता. निबंध पुढे मागे घेण्यात आला आणि त्याची संहिताही उपलब्ध राहिली नाही. आपल्या या अभ्यासिकेवर अन्याय झाल्याचे सोसायटीने १९९७ मध्ये मान्य केले. निबंध हरवला, चित्रे मात्र टिकली. त्या चित्रांत ज्ञान साठवलेले होते म्हणूनच त्यांच्या टिकण्याला अर्थ आहे. ती केवळ शोभेची असती तर संग्रहालयात राहिली असती, पण फिंडले यांच्या ग्रंथात पोहोचली नसती.

पॉटर यांच्या घरात कॅमेरा होता, ही गोष्टही येथे नोंदवावी लागते. त्यांचे वडील रूपर्ट पॉटर हे हौशी छायाचित्रकार होते. पण रंगीत छायाचित्रण तेव्हा व्यवहारात आलेले नव्हते, आणि कवकाच्या ओळखीत रंगाला फार महत्त्व असते. त्याखेरीज कुंचल्याची एक शक्ती कॅमेऱ्याजवळ नव्हती : एका अळंबीची समोरची बाजू, खालची बाजू आणि आतली बाजू एकाच पानावर आणण्याची. चित्रकार अनेक क्षण एकत्र करू शकतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच क्षण आणि एकच कोन मिळतो.

फिलिप्स यांचे पान : ज्ञानाचा लाभ, रानाचा लोप

कॅमेऱ्याची ही मर्यादा ओलांडण्याचा लक्षणीय प्रयत्न रॉजर फिलिप्स (१९३२–२०२१) यांनी केला. त्यांचा 'मशरूम्स अँड अदर फंजाय ऑफ ग्रेट ब्रिटन अँड युरोप' हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हौशी शोधकांच्या पिशवीत कायमचा जाऊन बसला. फिलिप्स यांची पद्धत साधी पण क्रांतिकारक होती. अळंबी रानातून आणून साध्या, सपाट पार्श्वभूमीवर मांडायची. एकाच जातीचे कोवळे, पूर्ण वाढलेले आणि जून असे नमुने शेजारी शेजारी ठेवायचे. एक उलटा, एक उभा कापलेला. छायाचित्र मूळ आकाराच्या किती पट आहे तेही सांगायचे.

या पानांत पॉटर यांच्या कागदाचे तत्त्व कॅमेऱ्याने पुन्हा साधले आहे. अनेक अवस्था आणि अनेक कोन एका चौकटीत आले. डेथ कॅपच्या बुंध्याशी असलेली पांढरी पिशवी लपत नाही. पटलिकांचा रंग, देठावरील कडे, कापल्यावर बदलणारा गराचा रंग या साऱ्यांची साक्ष चित्र देते. ज्ञानाच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत समृद्ध मानावा लागेल.

तथापि या समृद्धीची किंमतही स्पष्ट आहे. फिलिप्स यांच्या पानावर रान नाही. अळंबी तेथे शवागारातील टेबलावर ठेवल्यासारखी, उपटलेली आणि मांडलेली आहे. कोणत्या झाडाखाली, कोणत्या मातीत, एकटी की कळपाने, हे मजकूर सांगतो, चित्र सांगत नाही. वाचकाला अळंबीचे शरीर कळते, तिचा संसार कळत नाही. फिलिप्स यांचा हेतू ओळखीचा होता आणि त्या हेतूशी ते प्रामाणिक राहिले, म्हणून याला दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणणे न्याय्य ठरेल. परंतु नंतरच्या छायाचित्रकारांनी या मर्यादेविरुद्ध जी प्रतिक्रिया दिली ती समजून घेण्यासाठी हा लोप लक्षात ठेवावा लागतो.

आजचे अरण्यचित्र : भूमीच्या पातळीवरून

डिजिटल कॅमेऱ्याने अळंबीला पुन्हा रानात नेले. आजचा छायाचित्रकार ओल्या जमिनीवर पालथा पडतो. कॅमेरा वाळूच्या किंवा धान्याच्या छोट्या पिशवीवर टेकवतो. घनदाट झाडीत प्रकाश अपुरा असल्याने उघडीप अर्धा-एक सेकंदही ठेवावी लागते, त्यामुळे कॅमेरा स्थिर असणे अनिवार्य असते. छोट्या परावर्तकाने छत्राखाली थोडा उजेड फेकला जातो. नाभी बिंदू थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करण्याचे तंत्रही रूढ झाले आहे. त्यामुळे काही मिलिमीटरचे छत्रही आरपार सुस्पष्ट दिसते.

या पद्धतीचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. उभा माणूस अळंबीचे फक्त माथे पाहतो. जमिनीशी डोळा नेणाऱ्या कॅमेऱ्याने प्रथमच सामान्य प्रेक्षकाला छत्राखालची बाजू दाखवली : पटलिकांची कमानदार रांग, त्यांतून झिरपणारा उजेड, देठावरील दवबिंदू. जी वस्तू पायाखाली तुडवली जात होती तिच्याकडे मान वर करून पाहावे लागले. तिरस्काराची जागा आदराने घेतली. हे ज्या छायाचित्रांनी साधले त्यांना केवळ गोडगोड म्हणून बाजूला सारता येणार नाही.

परंतु ही शैली रुळली तसे तिचे संकेतही ठरून गेले, आणि संकेत ठरले की पाहणे थांबते. या संकेतांपैकी चार विशेष विचारार्ह आहेत.

पहिला संकेत एकाकी नायकाचा. मोठ्या छिद्रामुळे पार्श्वभूमी पूर्ण धूसर होते आणि अळंबी व्यक्तिचित्रातील मान्यवरासारखी उभी राहते. प्रत्यक्षात कवक एकाकी नसते. मातीतील जाळे, मुळे, कुजणारे लाकूड यांच्या संबंधांतच त्याचे अस्तित्व असते. फ्लाय अगॅरिकच्या चित्रातून बर्च वगळणे म्हणजे संवादातून एका वक्त्याला वगळणे होय.

दुसरा संकेत झाडलोटीचा. चौकट नीटनेटकी दिसावी म्हणून पाने, काड्या, गवत बाजूला केले जाते. पण ओकचे एक पान, बीचच्या फळाचे एक टरफल हीच अनेकदा ओळखीची खूण असते. साफ केलेल्या जागेतील अळंबी देखणी दिसते, पण ती कुठली हे विचारले तर चित्र मूक राहते.

तिसरा संकेत आकाराचा. मायसीना कुलातील कित्येक छत्रांचा व्यास जेमतेम एक सेंटिमीटर असतो. खालच्या कोनातून घेतलेल्या चित्रात मात्र ती वृक्षासारखी भव्य दिसतात. हा चमत्कार सुखद आहे. मात्र प्रमाण सांगणारे काहीच चौकटीत नसेल तर प्रेक्षकाच्या मनात रानाचे एक खोटे माप तयार होते, आणि खरोखर रानात गेल्यावर त्याला काहीच सापडत नाही.

चौथा संकेत रंगाचा. ओली, ताजी, गडद रंगाची अळंबीच चित्रास पात्र ठरते. अमेथिस्ट डिसीव्हर ही सुंदर जांभळी अळंबी सुकू लागली की तिचे छत्र फिकट, मळकट होते. तिच्या पटलिका मात्र जांभळ्याच राहतात. तिच्याशी साम्य असलेली एक जांभळट अळंबी विषारी आहे. केवळ रसरशीत जांभळे छत्र पाहत आलेल्या नजरेला या दोहोंतील फरक शिकवला गेलेलाच नसतो.

बुंध्याचा प्रश्न

या साऱ्या उणिवा डेथ कॅपच्या बाबतीत गंभीर रूप घेतात. या अळंबीचे छत्र फिकट हिरवट, पटलिका पांढऱ्या, देठावर कडे आणि बुंध्याशी पिशवी असते. यांपैकी पिशवी ही अत्यंत महत्त्वाची खूण असून ती बहुतेक वेळा माती-पानांत दडलेली असते. देठ वरच्यावर मोडला तर ती जमिनीतच राहते. आशियात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरील अळंबीलाही अशीच पिशवी असते. ही अळंबी ओळखीची असलेल्या स्थलांतरितांनी परदेशी डेथ कॅप तीच समजून खाल्ल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. दोघींत निर्णायक फरक बीजाणूंच्या रंगाचा : एकीचे पांढरे, दुसरीचे गुलाबीसर. डेथ कॅपच्या विषाची लक्षणे सहसा सहा ते बारा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात. मध्येच बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते.

एरवी हा विषय वैद्यकाचा मानला गेला असता. आज तो प्रतिमेचाही विषय आहे, कारण लोक चित्रावरून ओळख ठरवू लागले आहेत. भ्रमणध्वनीवर छायाचित्र दिले की जातीचे नाव सुचवणाऱ्या सुविधा सर्रास उपलब्ध आहेत. छायाचित्रात बुंधा नसेल, पटलिका नसतील, तर यंत्राला जे दिसलेच नाही त्यावरून ते निर्णय कसा देणार? या भरीस २०२३ मध्ये यंत्राने रचलेली अळंबीशोधाची पुस्तके विक्रीस आल्याचे उघड झाले आणि न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटीने वाचकांना सावध केले. रूपाचे अनुकरण यंत्राला सहज जमते. प्रत्यक्ष रानातून, विशिष्ट झाडाखालून, विशिष्ट दिवशी घेतलेली साक्ष मात्र त्याला देता येत नाही. म्हणूनच साक्षीचे मोल आता अधिक वाढले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. कलाकृतीने ओळखपत्राचे काम का करावे? गुलाबाच्या चित्राकडून कोणी वनस्पतिशास्त्राची अपेक्षा करत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो अपुरा आहे. गुलाब सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे चित्र त्याविषयी काही लपवू शकत नाही. बहुसंख्य प्रेक्षकांची अळंबीशी ओळख मात्र चित्रातूनच होते. जगात आजवर वर्णन झालेल्या कवकजाती सुमारे दीड लाख, तर अंदाजित संख्या २२ ते ३८ लाख आहे. इतक्या अपरिचित विश्वाची पहिली ओळख करून देणाऱ्या प्रतिमेवर अधिक जबाबदारी येते. शिवाय बुंधा, पाने, झाड यांचा समावेश केल्याने सौंदर्य घटते हे गृहीतच पॉटर यांच्या चित्रांनी खोटे ठरवले आहे.

निरुपद्रवी कॅमेरा ?

अळंबी तोडण्यापेक्षा तिचे छायाचित्र काढणे अधिक सात्त्विक, असा समज सर्वत्र आढळतो. इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट येथे वनविभागाने २०१६ पासून अळंबी न तोडण्याचे आवाहन केले. अशा ठिकाणी कॅमेरा हीच परडी ठरते. या भूमिकेमागील सद्भावना मान्य करूनही एका अभ्यासाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ अशी २९ वर्षे चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, अळंब्या तोडल्याने पुढील वर्षांच्या उगवणीवर परिणाम झाला नाही. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेल्याने मात्र फळांची संख्या घटली. जमिनीतील जाळ्याची हानी झाल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही, हेही सांगायला हवे.

याचा अर्थ तोडणे निर्दोष आणि छायाचित्रण सदोष असा काढणे घाईचे होईल. तोडलेल्या अळंबीवर जगणारे कीटक, गोगलगाई आणि इतर जीव यांचा विचार वेगळा करावा लागतो. परंतु एका देखण्या छत्राभोवती गुडघे, कोपर, तिपाई आणि पिशव्या यांनी व्यापलेली जागा पाहिली असता कॅमेऱ्याचा निरुपद्रवीपणा गृहीत धरता येत नाही. चित्रात दिसणारी निर्जन शांतता ही अनेकदा चौकटीच्या नेमक्या बाहेर तुडवलेल्या जमिनीवर उभी असते.

सह्याद्री आणि गोवा : दोन उदाहरणे

वरील निकष केवळ ब्रिटनपुरते नाहीत, हे जवळच्या दोन उदाहरणांवरून दिसते. भीमाशंकरच्या अरण्यात पावसाळ्यात रात्री काही कुजणारे लाकूड त्यातील कवकामुळे मंदपणे उजळते. दीर्घ उघडीपीच्या छायाचित्रांत हा उजेड झगझगीत हिरवा दिसतो. मानवी डोळ्याला मात्र तो अंधारात बराच वेळ स्थिरावल्यावर फिकट, जवळजवळ पांढुरका जाणवतो. कॅमेरा येथे खोटे बोलत नाही, तो काळ साठवतो. परंतु उघडीप किती ठेवली हे न सांगता चित्र प्रसिद्ध केल्यास रानात येणारा प्रेक्षक जे पाहायला येतो ते त्याला दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून तो विजेरी पेटवतो.

दुसरे उदाहरण गोवा आणि कोकणातील वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीचे, कोकणीतील 'अळमी'चे. टर्मिटोमायसिस कुलातील हे कवक वाळवीच्या वसाहतीत वाढते. वाळवी त्याची जोपासना करते आणि त्याच्यावर जगते. छत्राचा देठ जमिनीखाली मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. पानांच्या द्रोणातील किंवा पायलीतील अळमीचे छायाचित्र भुकेला चाळवते. केवळ छत्राचे निकट-चित्र डोळ्यांना सुखावते. पण वारूळ नसलेले कोणतेही चित्र या अळंबीविषयी अर्धेच सत्य सांगते. वारूळ फोडून अळंबी काढू नये हे प्रेक्षकाला पटवायचे असेल तर वारूळ आधी चित्रात यावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. वन्य अळंबीच्या चित्रणात रूप आणि ज्ञान यांचा विरोध अपरिहार्य नाही. पॉटर यांच्या जलरंगचित्रांत दोन्ही एकत्र नांदतात.

२. फिलिप्स यांच्या छायाचित्रांनी अळंबीचे शरीर संपूर्ण दाखवले, परंतु परिसर गमावला. आजच्या अरण्यचित्राने तिला रानात परत नेले, परंतु धूसर पार्श्वभूमी, झाडलोट, आकाराचा भास आणि रंगाचा सोस यांमुळे ते रानही पुन्हा नाहीसे झाले.

३. एका छायाचित्रात सर्व काही सामावणे शक्य नसते. यावर छायाचित्रांची छोटी मालिका हा उपाय आहे : एक परिसराचे, एक भूमीच्या पातळीवरून, एक पटलिकांचे, आणि स्थानिक नियम व परवानगी असेल तेथेच, बुंध्याचे.

४. चित्राखालील ओळ ही सजावट नसून चित्राचा भाग आहे. सोबतीचे झाड, आधारभूत माती वा लाकूड, दिनांक, आकारमान आणि उघडीप यांची नोंद काव्यमय शीर्षकापेक्षा अधिक बोलकी असते.

५. केवळ छायाचित्रावरून कोणतीही वन्य अळंबी खाद्य ठरवणे धोक्याचे आहे. ज्या चित्रात बुंधा नाही ते चित्र याबाबत काहीच सांगू शकत नाही.

समारोप

लंडनमधील क्यू येथील कवकसंग्रहात साडेबारा लाखांहून अधिक वाळवलेले नमुने आहेत. त्यांचा रंग गेलेला, आकार आक्रसलेला असतो. सौंदर्य म्हणावे असे त्यांत फारसे उरलेले नसते. तरीही प्रत्येक नमुन्यासोबतची चिठ्ठी तो कुठून आणि केव्हा आला ते सांगते, आणि त्या चिठ्ठीमुळेच तो पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडतो. छायाचित्राजवळ रंग आहे, ओल आहे, प्रकाश आहे. त्याला हवी आहे ती ही चिठ्ठी. जमिनीवर पालथे पडून अळंबीकडे आदराने पाहायला कॅमेऱ्याने शिकवले. आता तिच्या बुंध्याशी असलेले एक वाळके पान तसेच राहू द्यावे, एवढी शिस्त छायाचित्रकाराने स्वीकारली तरी या कलेचा पुढचा टप्पा सुरू होईल.